खिचडीच्या शेडमधली दहावी

माझ्या अक्षराबद्दल आणि चुकांबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. हातात दिवसभर खिचडी हलवायचा सराटा असतो, त्यामुळे पेन धरला की ओळ आपोआप खाली उतरत जाते. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि नंतर सही सोडून मी काही लिहिलं नाही. ही वही म्हणजे सुनेच्या जुन्या वहीची कोरी राहिलेली पानं आहेत. कोणाला दाखवायची नाही. तरी माफी मागून ठेवली, कारण लिहिलेलं चुकलं तर मला फार लाज वाटते.

मी गावच्या शाळेत खिचडी शिजवते. आमचं गाव अमडापूरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून थोडं आत आहे. शाळा पाचवी ते दहावी. खिचडी मिळते ती आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलांना नसते, सरकारचा तसा नियम आहे. त्यामुळे बारा वर्षं तिथे काम करूनही दहावीच्या वर्गाशी माझा काही संबंध आला नव्हता. मधल्या सुट्टीत त्या पोरी आपापले डबे घेऊन लिंबाखाली बसायच्या. माझ्या ताटल्यांकडे बघायच्या पण यायच्या नाहीत.

मुलाचं लग्न झाल्यावर वर्षभराने सून त्याच शाळेत शिकवायला लागली. तिचा विषय गणित. बी.एस्सी. करून बी.एड. केलेली. नोकरी तासिकेवरची, म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे, आणि सुट्टीचे नाहीत. पहिल्याच दिवशी तिने शाळेच्या मैदानात मला सगळ्यांसमोर "आत्याबाई" म्हणून हाक मारली, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. शिपाई हसून म्हणाला, "मॅडम, इथं त्या मावशी आहेत." मी तिला मॅडम म्हणू लागले. ती मला मावशी म्हणू शकली नाही आणि आत्याबाई म्हणायची सोय उरली नाही, म्हणून शाळेत ती मला काहीच म्हणत नसे. काम असलं तर जवळ येऊन उभी राहायची.

तिला पाचवी, सहावी आणि सातवी दिली होती. तीन वर्षं तेच चाललं. मग खामगावच्या एका शाळेत दहावीपर्यंत शिकवायची कायमची जागा निघाली, आणि ती मुलाखतीला जाऊन आली. संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ती समोर बसली, दोन काड्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "त्यांनी एकच इचारलं, दहावीले किती वर्ष शिकवलं. मी म्हटलं, नाही शिकवलं. मंग त्यांनी फाइल मिटली अन् चहा घेता का म्हणाले."

मी विचारलं, घेतला का. ती म्हणाली, घेतला.

नंतर तिने मला नीट समजावून सांगितलं. दहावी ही बोर्डाची परीक्षा. तिचे पेपर बाहेर तपासले जातात, त्यामुळे ज्याने दहावी शिकवली नाही त्याला मोठ्या शाळेत वरच्या वर्गांवर कोणी घेत नाही. बोर्डाचे पेपर तपासायलाही दहावी शिकवणाऱ्यालाच बोलावतात. आणि आमच्या शाळेत दहावी मिळत नाही, कारण आधी शिकवलेली नाही. हे फिरून फिरून तिथेच येत होतं. तिचं वय तिशीला टेकलं होतं. तासिकेवर सातवीपर्यंतच राहिलं तर पुढच्या भरतीत तिला कोणी विचारणार नव्हतं.

तिने मोठ्या सरांना विचारलं तेव्हा मी तिथेच होते. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. मुलांना वाढायच्या आधी खिचडीची चव शिक्षकाने घ्यायची आणि वहीत लिहायची असा नियम आहे, म्हणून मी रोज वाटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहते. रोज तेवढंच बोलते, "चव घ्या सर." त्या दिवशी सून आधीच आत होती.

सर म्हणाले, "मॅडम, दहावीचा निकाल म्हणजे शाळेचं नाक. ते मी नवख्याच्या हाती कसं देऊ?"

सर वाईट नव्हते. दहावीचं गणित एक जुने सर बावीस वर्षं शिकवत होते आणि त्यांची मुलं पास होत होती. मोठ्या सरांना तिथे हात लावायचा नव्हता.

मग सून म्हणाली, "सतरा नंबरवाले तरी द्या."

मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मधेच शाळा सुटलेली माणसं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. आमची शाळा त्यांचं केंद्र होती. ते फॉर्म द्यायला, तोंडी परीक्षेला आणि हॉल तिकीट न्यायला येत. त्यांना शिकवत कोणी नसे. सर हसले. त्यांना कोण शिकवतं, म्हणाले. सून म्हणाली, मी शिकवते, पैसे नको, मी दहावीचं गणित शिकवलं एवढं तुम्ही लिहून द्या.

सरांनी माझ्या हातातली वाटी घेतली, दोन घास खाल्ले, मीठ कमी आहे म्हणाले. मग म्हणाले, "पाच तरी पाहिजेत. पाच असले तर मी त्याला वर्ग म्हणतो. दोघं-तिघं म्हणजे वर्ग नव्हे. अन् रविवारी घ्या, शाळेच्या वेळात नाही."

तिघं लवकर मिळाले. एक माझ्या मुलासोबत टेम्पो चालवणारा, एक खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारा, एक नुकतीच लग्न होऊन गावात आलेली पोरगी. त्यांच्याजवळ फीचे पैसे होते. चौथी अंगणवाडीतली मदतनीस, नववीपर्यंत शिकलेली. दहावी झाली तर पुढे सरकायची आशा होती. पाचवी माझी कापूस वेचायची जोडीदारीण. आठवी पास, वय पस्तीसच्या वर, तोंडाने फटकळ. तिची पोरगी नववीत होती आणि पोरीच्या आधी आपण दहावी व्हायचं असं तिच्या मनाने घेतलं होतं. या दोघींजवळ फी नव्हती. त्यात मदतनीसेचा शाळा सोडल्याचा दाखला नांदुऱ्याहून आणायचा होता, तो जाण्यायेण्याचा खर्च वेगळा.

जोडीदारीण मला म्हणाली, "तुमी बी भरा ना व फॉर्म. सासू-सून एकाच वर्गात." मी हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन सुनेला हळूच विचारलं. ती म्हणाली, निदान पाचवी पास पाहिजे. मी चौथी. विषय संपला.

फॉर्मची मुदत आठ दिवसांवर आली आणि पाचाचे तीनच राहतात असं दिसू लागलं. सून जेवत नव्हती असं नाही, पण ताटावर बसून विचार करत राहायची. तेव्हा मी एक गोष्ट केली, ती मला करायला नको होती.

आमचा दहा बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याला प्रत्येकीने पैसे टाकायचे आणि ज्या बाईला गरज असेल तिने कर्ज घ्यायचं. घेताना कारण सांगावं लागतं. दुखणं, बियाणं, शेळी, लग्न, अशी कारणं असतात. बैठकीत माझी पाळी आली आणि मी म्हणाले, शेळी घ्यायची आहे. दुसऱ्यांच्या परीक्षेची फी म्हटलं असतं तर दहा जणींनी दहा प्रश्न विचारले असते, आणि चार माणसांत उभं राहून मला एकाचंही उत्तर देता आलं नसतं. शेळी म्हटलं की कोणी काही विचारत नाही. चार हजार मिळाले.

ते मी दोघींना अर्धे अर्धे दिले आणि मॅडमला सांगू नका म्हटलं. मॅडमला सांगितलं की दोघींनी भावांकडून आणले. सून इतकी खूश झाली की त्याच दिवशी पाचही जणांचे कागद घेऊन अमडापूरला कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला गेली.

रविवारी शाळेच्या खोल्यांना कुलूप असायचं आणि शिपाई त्याच्या गावी जायचा. माझ्याजवळ खिचडीच्या शेडची किल्ली होती. म्हणून वर्ग शेडमध्ये भरला. चुलीमागची भिंत धुराने काळी झालेली आहे, तिच्यावर खडू चांगला उठतो. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर ती पाच जणं बसायची. मी कोपऱ्यात सोमवारचा तांदूळ निवडत बसायचे. एकटी सून, त्यात दोन परके पुरुष, म्हणून मी तिथे असावं असं मुलानेच म्हटलं होतं.

सुरुवात बरी झाली नाही. सुनेला सातवीच्या पोरांची सवय. एकाने उत्तर बरोबर दिलं तर ती बाकीच्यांना टाळ्या वाजवायला सांगायची. टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, टाळ्या आमच्या पोरायसाठी ठेवा. आमाले मार्क किती पडतीन ते सांगा." सगळे हसले. ती लाल झाली, पण त्या दिवसापासून टाळ्या बंद झाल्या.

दुसरी गोष्ट ती कोणाला बोलली नाही, पण मला दिसत होती. दहावीचं पुस्तक तिला स्वतःला येत होतं, शिकवता येत नव्हतं. एक त्रिकोणाचं गणित तिने भिंतीवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. सोमवारी ती जुन्या गणिताच्या सरांकडे गेली. मला वाटलं होतं ते टाळतील. ते म्हणाले, "तुम्हाला जेवढं येतं तेवढं सगळं सांगत बसू नका. पेपरात काय विचारतात ते बघा. अन् पायऱ्या लिहायला लावा. उत्तर चुकलं तरी पायरीचे मार्क मिळतात." त्यांनी तिला पाच-सहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. त्या कडेने पिवळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येक गणितापुढे त्यांनी पेन्सिलीने मार्क कसे फोडायचे ते लिहिलं होतं.

तेव्हापासून तिचं शिकवणं बदललं. आधी प्रश्न, मग तो किती मार्कांचा, मग किती पायऱ्या. तीन मार्कांचं गणित तीन पायऱ्यांत लिहायचंच. मदतनीस बाईने ते लगेच उचललं. माझी जोडीदारीण मात्र हट्टी. आयुष्यभर मजुरीचा आणि व्याजाचा हिशोब तोंडी केलेली बाई. भिंतीवर गणित आलं की ती पोत्यावरूनच उत्तर सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर. वहीत मात्र एकच आकडा.

"मले उत्तर येते ना," ती म्हणायची, "मंग पायऱ्या काऊन चढू?"

सून म्हणायची, "काकू, तपासणाऱ्याले तुमचं डोकं दिसत नाही, कागद दिसते."

काकू मान हलवायच्या आणि पुढच्या गणिताला पुन्हा एकच आकडा लिहायच्या.

डिसेंबरात एका दुपारी गटाच्या चार बायका घरी आल्या. पुढे अध्यक्षीणबाई. बँकेचा माणूस गटाची कर्जं बघायला येणार होता, म्हणून त्याच्या आधी आपण बघून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

"शेळी कोठी हाय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मी खरं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "चरायले गेली."

मला वाटलं त्या जातील. अध्यक्षीणबाई ओट्यावर बसल्या. "बसतो मंग. सांजच्याला येईनच." चौघीही बसल्या. मी चहा केला. पुन्हा तासाभराने चहा केला. त्यांनी शेळी केवढ्याला घेतली विचारलं, गाभण आहे का विचारलं, रंग विचारला. मी पांढरी म्हणाले. घरात जाऊन पाणी प्यायले आणि बाहेर येऊन ठिपक्यांची म्हणाले.

दिवस कलता गावच्या शेळ्या परत आल्या. गावात एक म्हातारा सगळ्यांच्या शेळ्या एकत्र चारून आणतो. शेळ्यांना घर दाखवावं लागत नाही, गल्लीत आल्या की आपापल्या दारात वळतात. समोरच्यांच्या दोन वळल्या, शेजारच्यांची एक वळली. बाकीच्या पुढे गेल्या. आमच्या दाराकडे कोणी बघितलंही नाही.

अध्यक्षीणबाईंनी म्हाताऱ्याला थांबवून विचारलं, यांची शेळी कोणती. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "यायची? यायच्या घरी त कोंबडी बी नाही."

नेमकी त्याच वेळी सून शाळेतून आली. खांद्याला पर्स, हातात पोरांच्या वह्या. मी दाराची चौकट धरून उभी होते. काय खोटं बोलले ते मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. पैसे कुठे गेले, कोणाच्या फीला गेले, सगळं. किती हळू बोलले असेन, अध्यक्षीणबाईंनी दोनदा "काय?" विचारलं.

मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हंजे शेळी दहावीले बसली म्हना की."

बायका हसून हसून ओट्यावर वाकल्या. मलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणी आलेलं होतं. त्यांनी पन्नास रुपये दंड लावला आणि वहीतलं कारण माझ्या समोर खोडून परीक्षा फी असं लिहून घेतलं. बँकेच्या माणसाला काय सांगायचं ते आम्ही बघू, म्हणाल्या.

सून हसली नाही. बायका गेल्यावर घरात येऊन म्हणाली, "आत्याबाई, सरायले हे समजलं त ते म्हणतीन, मॅडमनं पैसे देऊन पाच जण जमवले. मंग त्यायनं कागद लिहून देल्ला तरी त्याले काय अर्थ राहीन?"

मी म्हणाले, मले वाटलं तुझं काम होईन.

ती म्हणाली, "मले काम खरं पाहिजे होतं."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन मोठ्या सरांच्या दारात गेले तर ती आत उभी. दुसऱ्याकडून कळण्याआधी आपणच सांगायचं असं तिने ठरवलं होतं. दोन जणांची फी आमच्या घरून गेली, असं ती सांगत होती. सरांनी विचारलं, कोणी भरली. घरचं माणूस पुढे करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मी म्हणाले, "मी भरली सर. मॅडमले माहीत नव्हतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत मी त्यांच्याशी चवीपलीकडे बोलले नव्हते. त्यांनी वाटी घेतली, खाल्लं, चवीच्या वहीत लिहिलं, सही केली. मग सुनेला म्हणाले, "पैसे कोणी भरले ते बोर्ड विचारत नाही. पण शिकवलं असं लिहून द्यायचं म्हणजे मी ते डोळ्यांनी बघायला पाहिजे. रविवारी येतो."

त्या रविवारी सर खरंच आले. त्यांना बसायला शेडमध्ये काही नव्हतं. मी तांदळाचं भरलेलं पोतं सरकवलं, ते त्यावर बसले. पहिल्या दहा मिनिटांत सुनेचा खडू दोनदा पडला. मग मदतनीसेने एक शंका विचारली आणि सून सर बसलेत हे विसरली असावी. दीड तास झाला. शेवटी सरांनी स्वतः एक गणित सांगितलं आणि माझ्या जोडीदारणीला भिंतीशी बोलावलं. तिने उत्तर सांगितलं. सरांनी विचारलं, कसं आलं. तिने तोंडाने सगळं सांगितलं, कुठे वजा केलं, कुठे भागलं. सर म्हणाले, आता हेच लिहा. तिने मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, खडू ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चढली बाप्पा."

सोमवारी सरांनी एक हजेरीपट काढून दिला. त्यात पाच नावं. पण तारीख त्याच रविवारपासूनची. आधीचे तीन महिने त्यांनी धरले नाहीत. जे पाहिलं ते लिहीन, नाही पाहिलं ते लिहिणार नाही, म्हणाले. सुनेला ते लागलं. पण तिने हुज्जत घातली नाही, माझ्या समोर तरी नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गणिताच्या पेपरच्या दिवशी पाचही जण आमच्या घरून दहीसाखर खाऊन गेले. निकाल लागला तेव्हा सुनेने मोबाइलवर एकेकाचा नंबर टाकून बघितला. चार पास. जोडीदारीण गणितात आणि इंग्रजीत गेली. तिला विचारलं तेव्हा कळलं, पेपर हातात आल्यावर तिला वेळ पुरणार नाही अशी भीती वाटली आणि तिने भराभर उत्तरं लिहून टाकली. पायऱ्या नाहीत. सून त्या दिवशी फार कष्टी झाली. चौघांचं पास होणं तिच्या ध्यानात येईना, एकच नापास घेऊन बसली होती.

सरांनी कागद दिला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की सतरा नंबरच्या पाच विद्यार्थ्यांना यांनी अमुक तारखेपासून परीक्षेपर्यंत दहावीचं गणित शिकवलं, चार उत्तीर्ण. एवढंच. एक शब्द जास्त नाही. सुनेने तो मला वाचून दाखवला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. एवढ्याशा कागदावर खामगावला जागा मिळणार नाही हे आम्हा दोघींना कळत होतं.

पण जूनमध्ये वेळापत्रक लावताना जुने गणिताचे सर स्वतःहून मोठ्या सरांना म्हणाले की दोन्ही तुकड्या माझ्याने होत नाहीत, ब तुकडी मॅडमला द्या. हे मला शिपायाने सांगितलं. जुन्या सरांचं खरंच होत नव्हतं की त्यांनी तसं मुद्दाम म्हटलं, ते मला माहीत नाही. सुनेला दहावी ब मिळाली. एकतीस मुलं. त्यातली निम्मी मी आठवीपर्यंत जेवू घातलेली. ती सकाळी एक तास आधी जायची आणि मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायची. माझ्या जोडीदारणीची पोरगीही त्याच तुकडीत होती. जोडीदारीण जुलैत पुन्हा गणिताला बसली आणि निघाली. इंग्रजी अजून राहिलंय, आणि पोरगी तिच्या पुढे गेली आहे.

अशी दोन वर्षं सुनेने दहावी शिकवली. मग खामगावच्या दुसऱ्या एका शाळेची जाहिरात आली. मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिने तिन्ही वर्षांचे कागद ठेवले. त्यांनी दोन वर्षांच्या कागदांवर नुसती नजर टाकली आणि सतरा नंबरवाल्या कागदावर थांबले. विचारलं, वर्ग कुठे घेत होता. तिने सांगितलं, खिचडीच्या शेडमध्ये. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, नापास झालेल्या पाचव्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं. तिने तेही सांगितलं. पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. आता ती सकाळच्या बसने खामगावला जाते, नववी-दहावी शिकवते, आणि मी जिला मॅडम म्हणायची ती आता आमच्या शाळेत नाही.

पैशांचं राहिलं. गटाचं कर्ज माझ्या नावावर होतं. मदतनीस बाईने दर महिन्याला थोडे थोडे करून वर्षात तिचे दोन हजार मला दिले, ते मी गटात भरत गेले. माझं स्वतःचं मानधन तीन-तीन महिने येत नसे, त्यामुळे व्याज भरता भरता नाकी नऊ यायचे. जोडीदारणीला मी निकालानंतर म्हटलं होतं, तुझे राहू दे, मी बघते. ती रागावली.

"काऊन? मी नापास झाली म्हून? शिकवलं त मले बी तेवढंच ना."

त्यानंतर मी विषय काढला नाही. पहिल्या वर्षी पाऊस लांबला आणि वेचणीचं काम फारसं झालंच नाही. दुसऱ्या वर्षी तिने जमेल तसे पाचशे, तीनशे असे आणून दिले. सुनेला खामगावचा पहिला पगार झाला तेव्हा ती म्हणाली, उरलेले मी भरून टाकते. मी नको म्हटलं. जोडीदारणीला कळलं असतं तर तिने माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

यंदा कापूस बरा आला. दिवाळीनंतरच्या बैठकीला जोडीदारीण आमच्या गटात नसूनही आली, सतरंजीवर माझ्या शेजारी बसली आणि कमरेच्या पिशवीतून राहिलेले बाराशे रुपये काढून अध्यक्षीणबाईंसमोर ठेवले. वेचणीचे, सगळ्या चुरगळलेल्या नोटा. अध्यक्षीणबाईंनी त्या सरळ करून दोनदा मोजल्या. शेवटचं व्याज मी माझ्या मानधनातून दिलं. सचिवीणबाईंनी माझ्या नावापुढे पूर्ण परतफेड असं लिहिलं, मी खाली सही केली, आणि पुढच्या बाईची पाळी आली.